तिला सिनेमा कसा वाटला?

शनिवार पेठेतल्या बचत गटांकडून आम्ही आज तुमच्याशी बोलतोय. आजचा विषय कर्जाचा नाही, विम्याचाही नाही. सिनेमा आणि टीव्हीवरच्या मालिका यांचा आहे. ज्या बाईला डोळ्यांनी दिसत नाही ती सिनेमा कसा बघते, आणि तो चांगला की वाईट हे तिचं ती कसं ठरवते, ते आज समजून घेऊ.

"बघते" हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. दृष्टिहीन माणसंसुद्धा "काल पिक्चर बघितला" असंच म्हणतात. आपणच उगाच अडखळतो, आणि "तुला काय कळणार त्यातलं?" हा प्रश्न तोंडावर विचारला नाही तरी मनात ठेवतो.

अमेरिकेत टॉमी एडिसन नावाचे एक गृहस्थ आहेत. जन्मापासून अंध. रेडिओवर ते रस्त्यांवरच्या वाहतुकीच्या बातम्या द्यायचे. २०११ च्या सुमारास त्यांनी "अंध चित्रपट समीक्षक" या नावाने यूट्यूबवर सिनेमांबद्दल बोलायला सुरुवात केली आणि ते जगभर माहीत झाले. सिनेमा ऐकून ते सांगायचे की गोष्ट कळली का, संवाद खरे वाटले का, नट मनापासून बोलतोय की पाठ केलेलं म्हणतोय. निव्वळ मारामारी आणि धावाधाव असली, कोण कोणाला मारतंय ते कळेना, तर तेही स्पष्ट सांगायचे. चित्र दिसत नाही म्हणून त्यांचं मत अर्धं ठरत नाही. उलट डोळस माणूस देखण्या चेहऱ्याला आणि भारी साडीला भुलतो, तिथे कान भुलत नाही.

कानाला किती कळतं ते बघायचं तर आपल्या पुण्याचंच उदाहरण घेऊ. शनिवारवाड्यापासून चालत जावं इतक्या जवळ, अप्पा बळवंत चौकाजवळ, प्रभात टॉकीज होतं. त्याला नाव मिळालं ते प्रभात फिल्म कंपनीचं. या कंपनीने १९३७ साली "कुंकू" काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीराच्या भूमिकेत शांता आपटे. या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज तेवढे आहेत. डोळे नसलेल्या बाईलाही त्या घरातला कोंडमारा कानांनी कळतो. पण सिनेमाचं नाव ज्यावरून पडलं ते कुंकू कपाळावर असतं. ते लावलं काय, पुसलं काय, त्याचा आवाज होत नाही. कानाची हद्द इथे संपते.

आता तुम्ही सगळ्यांनी बघितलेला सिनेमा घेऊ. "सैराट", २०१६ सालचा. त्याचा शेवट आठवा. माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची चहा करते, आणि मग? मग आवाजच बंद होतो. शेवटची ती मिनिटं नागराज मंजुळे यांनी मुकी ठेवली आहेत. आपण ते बघून सुन्न झालो, घरी येईपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही. पण शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या अंध मैत्रिणीसाठी चहापाण्याच्या बोलण्यानंतर एकदम शांतता झाली. काय घडलं? तिला वाटेल, मशीन बिघडलं. सबंध सिनेमा ज्या एका क्षणासाठी रचला, तोच तिच्या हातातून निसटला.

इथे तिला हवं असतं ऑडिओ डिस्क्रिप्शन, म्हणजे श्राव्य वर्णन. दोन संवादांच्या मधल्या रिकाम्या जागेत एक आवाज पडद्यावर काय दिसतंय ते थोडक्यात सांगतो. "सैराट"च्या शेवटाचं वर्णन आम्ही असं करू: "लहानगं बाळ दारातून आत येतं. जमिनीवर आई-बाबा निपचित पडलेत. रक्त. बाळ रडत माघारी वळतं. त्याच्या मागे पावलांचे लाल ठसे." बस, एवढंच. "अरेरे, किती भयंकर" असं म्हणायचं नाही. भयंकर आहे का, ते ऐकणारी ठरवेल.

ही कल्पना मोठी कशी झाली, ते रेडिओ ऐकणाऱ्यांना आवडेल. अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, मार्गारेट फॅन्स्टील नावाची एक बाई होती. तिची दृष्टी गेलेली. तिने १९७४ साली अंध लोकांसाठी रेडिओवरून वर्तमानपत्रं वाचून दाखवण्याची सेवा सुरू केली. नाव ठेवलं "वॉशिंग्टन इअर", म्हणजे वॉशिंग्टनचा कान. पुढे १९८१ साली तिथल्या एका नाट्यगृहाने तिला मदतीला बोलावलं. तिने आणि कोडी फॅन्स्टील यांनी नाटक चालू असताना अंध प्रेक्षकांच्या कानात वर्णन सांगायची पद्धत बसवली. नाटकातून ती टीव्हीवर गेली, टीव्हीवरून सिनेमात. म्हणजे या कलेची एक मोठी वाट अशाच एका छोट्या रेडिओतून, एका अंध बाईच्या पुढाकाराने निघाली.

आपल्याला हे अगदीच परकं नाही. महाभारतात धृतराष्ट्राला युद्ध कोणी सांगितलं? संजयाने. आणि अलीकडच्या काळात पुण्याच्याच बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचं धावतं समालोचन केलं, तेव्हा मैदान न बघितलेल्या माणसांनाही घरबसल्या सामना दिसला. फरक एवढाच, की समालोचक सतत बोलू शकतो आणि स्वतःचं मतही देऊ शकतो. श्राव्य वर्णन करणाऱ्याने संवादावर बोलायचं नाही आणि मत द्यायचं नाही.

मत द्यायचं नाही यावर आम्ही का अडून बसतो, ते आमच्या पेठेतल्या उदाहरणाने सांगतो. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा तुमच्यापैकी पुष्कळजणींनी बघितला असेल. अंध पाहुणीला कोणी म्हणालं, "केवढा भव्य दरवाजा आहे!" तर तिला काय मिळालं? दुसऱ्याचं आश्चर्य. त्याऐवजी म्हणा, "दरवाज्याच्या प्रत्येक फळीवर टोकदार लोखंडी खिळे आहेत, नऊ आणि आठच्या ओळींत, मिळून ७२. हत्तीचं कपाळ जिथे येईल साधारण त्या उंचीला." आता शत्रूचा हत्ती धडक द्यायला आला तर काय होईल, हे तिचं तिने ओळखलं. भीतीही तिची, आणि "भव्य" म्हणायचं का हा निर्णयही तिचाच.

अंध समीक्षकाचं काम याच पायावर उभं आहे. तो दोन गोष्टी तपासतो. पहिली म्हणजे सिनेमा. दुसरी म्हणजे वर्णन. वर्णनाने मोक्याची गोष्ट गाळली का? शेवट आधीच फोडला का? गरिबाच्या घराचं वर्णन करताना आवाजात कीव आणली का? बाई पडद्यावर आली की फक्त तिचा रंग आणि साडी सांगितली, आणि पुरुष आला की त्याचं काम सांगितलं, असं झालं का? हे शेवटचं तर आपण बायकांनी नक्की पकडावं.

मंजुळे यांच्याच "फँड्री"चं बघा. जब्याचं कुटुंब डुकराच्या मागे धावतंय आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. राष्ट्रगीत ऐकू येतं. पण धावणारी माणसं जागच्या जागी ताठ उभी राहिली, हे ऐकू येत नाही. पुढे डुक्कर काठीला बांधून नेतात, तेव्हा मागच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रं आहेत. त्या चित्रांबद्दल सिनेमात कोणी एक शब्द बोलत नाही. वर्णन करणाऱ्याने ती भिंत "मागे एक भिंत" म्हणून सोडून दिली, तर ऐकणारीसाठी तिथे आंबेडकर नव्हतेच, सावित्रीबाई नव्हत्याच. आणि शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्या दिशेने. कोणाच्या दिशेने, हे सांगितलं नाही तर सिनेमाचा अर्थच बदलतो. सांगणारी जे गाळते, ते ऐकणारीपुरतं घडलेलंच नसतं. म्हणून वर्णन करणं ही मोठी जबाबदारी आहे.

हे सगळं कोणाच्या मेहेरबानीवर सोडायचं का? नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४२ मध्ये श्राव्य वर्णन, सांकेतिक भाषा आणि मथळे देऊन ही माध्यमं दिव्यांगांपर्यंत पोहोचवावीत, अशी सरकारवर जबाबदारी टाकली आहे. त्याच्या जोरावर काही दिव्यांग व्यक्ती न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने "पठाण" सिनेमाच्या निर्मात्यांना सांगितलं की ओटीटीवर, म्हणजे मोबाइल-टीव्हीवर इंटरनेटवरून, सिनेमा आणताना हिंदीत श्राव्य वर्णन आणि मथळे तयार करा. मग १५ मार्च २०२४ ला केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांतल्या सिनेमांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. राष्ट्रीय पुरस्कारासाठी पाठवायच्या चित्रपटांना तर १ जानेवारी २०२५ पासून श्राव्य वर्णन लागतंच.

मागितलं की मिळतं, याचं एक गमतीदार उदाहरण आहे. २०१५ साली नेटफ्लिक्सवर "डेअरडेव्हिल" नावाची मालिका आली. तिचा नायकच अंध! पण अंध प्रेक्षकांना ती नीट कळायची सोय नव्हती. लोकांनी आवाज उठवला आणि काही दिवसांतच तिला श्राव्य वर्णन जोडलं गेलं.

आता तुमच्या गटात काय करता येईल ते सांगतो.

मोबाइलवर किंवा टीव्हीवर ओटीटी असेल तर सिनेमा चालू असताना आवाज आणि सबटायटलच्या यादीत जा. तिथे भाषेच्या नावापुढे "ऑडिओ डिस्क्रिप्शन" लिहिलेलं असलं तर ते निवडा. ही सोय इंग्रजीत सर्वांत जास्त आहे, काही ठिकाणी हिंदीत मिळते. मराठीत मात्र शोधावी लागते. चित्रपटगृहात मोबाइलच्या ॲपमधून, एका कानात इअरफोन घालून वर्णन ऐकता येतं. ॲप सिनेमाच्या आवाजाशी जुळवून घेतं, शेजाऱ्याला त्रास होत नाही.

जिथे सोय नाही तिथे आपलं तोंड आहे. पुढच्या बैठकीत हा प्रयोग करा. रोजच्या मालिकेची दहा मिनिटं लावा. एकीने टीव्हीकडे बघून वर्णन करायचं, बाकीच्यांनी पाठ फिरवून ऐकायचं. मालिकेत ढॅण् ढॅण् असा आवाज तीनदा होतो आणि तीन चेहरे दाखवतात, ते ठाऊक आहे ना? तो कोणाचा चेहरा, तिने काय बघितलं, हे त्या आवाजाच्या आत बसवून दाखवा. नियम चार: संवादावर बोलायचं नाही, दिसतंय तेच सांगायचं, माणसाचं नाव आधी घ्यायचं, आणि लाज वाटते म्हणून काही गाळायचं नाही. गटात किंवा शेजारी कोणी दृष्टिहीन बाई असेल तर परीक्षक तिलाच करा. कोणाचं वर्णन उपयोगी आणि कोणाची नुसती बडबड, ते ती अचूक सांगेल.

हा सराव टीव्हीपुरता राहत नाही. दृष्टिहीन सभासदाचं पासबुक वाचताना "सगळं ठीक आहे गं, कर अंगठा" असं म्हणणं म्हणजे आपलं मत देणं. तारीख, रक्कम, जमा की नावे, शिल्लक किती, कागदावर वर काय लिहिलंय आणि सही कुठे मागितली आहे, हे सांगणं म्हणजे वर्णन. ठीक आहे की नाही ते तिचं ती ठरवेल. सिनेमात चूक झाली तर एक प्रसंग हुकतो, कर्जाच्या कागदात झाली तर घर अडचणीत येतं.

मराठीत दृष्टिहीन वाचकांसाठी "स्पर्शज्ञान" हे ब्रेल पाक्षिक १५ फेब्रुवारी २००८ ला सुरू झालं, स्वागत थोरात यांच्या संपादनाखाली. बोटांनी वाचणारे वाचक आपल्या मराठीत आहेत, त्यांना मतं आहेत, आणि ती मांडायची हौसही आहे. सिनेमाच्या बाबतीत त्यांना कोणी विचारत नाही, एवढंच.

तेव्हा मैत्रिणींनो, यापुढे घरात सगळे मिळून सिनेमा बघाल, तेव्हा जिला दिसत नाही तिला मधल्या जागांमध्ये वर्णन सांगा. सिनेमा संपल्यावर पहिला प्रश्न तिला विचारा, "तुला कसा वाटला?" ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या किंवा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, आणि तिची हरकत नसेल तर आपल्या गावच्या रेडिओ केंद्राला द्या. समीक्षा म्हणून द्या, कौतुकाचा कार्यक्रम म्हणून नको. तिला सिनेमा आवडला नसेल तर तेही तसंच जाऊ द्या. नमस्कार.