उभी गाडी, चालू इंजिन : आपोआप बंद होणाऱ्या इंजिनाचा फायदा कोणाला?



गळीत हंगाम सुरू झाला की शेतकी विभागाकडे येणारे प्रश्न ठरलेले असतात. तोड कधी येणार, टोळी कुठे अडली, वजनाची पावती का मिळाली नाही. पण मध्यंतरी गोरेगावच्या गट कार्यालयात एक वयस्क सभासद वेगळीच तक्रार घेऊन आले. मुलाने नवी मोटार घेतली होती. म्हणाले, "साहेब, गाडीत खोट आहे. रेल्वे फाटकापाशी उभी केली की इंजिन बंद पडते. मी बॉनेट उघडायला खाली उतरलो, तर पोरगा हसते!"

गाडीत खोट नव्हती. अलीकडच्या अनेक मोटारींत थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होण्याची आणि निघताना आपोआप सुरू होण्याची सोय असते. पण त्यांचा पुढचा प्रश्न मात्र विचार करण्यासारखा होता. "बरं, सोय आहे. पण तिच्यापासून फायदा किती? का नुसताच कंपनीचा दिखावा?" त्या प्रश्नाचे उत्तर सर्वांच्याच कामी येईल, म्हणून ते येथे सविस्तर देत आहे.

ही सोय चालते कशी?

गिअरच्या गाडीत आपण थांबलो, गाडी न्यूट्रल केली आणि क्लचवरचा पाय काढला, की इंजिन बंद होते. क्लच दाबला की पुन्हा सुरू होते. गिअर नसलेल्या गाडीत हेच काम ब्रेकवर होते. दाबून धरला की बंद, सोडला की चालू. इंजिन पुरेसे गरम झाले आहे का, बॅटरीत दम आहे का, चालकाने पट्टा लावला आहे का, हे सर्व गाडी स्वतःच तपासते. एखादी गोष्ट कमी असली तर इंजिन चालूच ठेवते. ही सोय नको असेल तर ती बंद करण्याचे बटणही बहुतेक गाड्यांत असते.

कल्पना नवी नाही. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, तेव्हाच जपानच्या टोयोटा कंपनीने आपल्या क्राउन मोटारीत असा प्रयोग केला होता. जर्मनीच्या फोक्सवॅगनने १९८० नंतर पोलो गाडीत केला. आपल्याकडे महिंद्राने २०१० च्या आसपास स्कॉर्पिओ व बोलेरो या गाड्यांत ही सोय 'मायक्रो हायब्रिड' या नावाने दिली. २०१४ साली हिरो कंपनीने स्प्लेंडर आयस्मार्ट मोटरसायकलीतही ती आणली. न्यूट्रलमध्ये काही सेकंद उभी राहिली की गाडी बंद, क्लच दाबला की चालू. तेव्हा आपल्यापैकी काही जणांच्या दुचाकीत ही सोय आधीपासूनच असेल.

"पुन्हा सुरू करायला जास्त तेल जाते" हे खरे का?

हा समज जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांपासून चालत आलेला आहे. तेव्हा चोक ओढावा लागे आणि सुरू करताना पेट्रोल जास्त जाई. आता पेट्रोल मोजून फवारले जाते. गरम इंजिन पुन्हा सुरू करण्यास लागणारे इंधन काही सेकंदांच्या उभ्या चालण्याइतकेच असते. अमेरिकेत झालेल्या चाचण्यांवरून सर्वसाधारण नियम असा निघाला, की १० सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद केलेले बरे.

मग स्टार्टर झिजत नाही का? या सोयीच्या गाड्यांत स्टार्टर मुळातच कितीतरी पट जास्त वेळा फिरण्यासाठी बनवलेला असतो. बॅटरीही वेगळी, जास्त दमाची असते. जुन्या साध्या गाडीत मात्र दर वीस सेकंदांनी चावी फिरवत बसू नये. मिनिटभरापेक्षा जास्त थांबा असेल तेव्हाच बंद करावी.

हिशोब मांडून पाहू

साधारण लहान पेट्रोल मोटार जागेवर उभी राहून तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जाळते. आपण ०.६ लिटर धरू. पेट्रोलचा भाव हिशोबाला सोपा म्हणून १०० रुपये धरू.

नागपूरला रोज कामावर जाणारा माणूस सिग्नलवर दिवसातून अर्धा तास उभा राहतो असे समजा. रोजचे ०.३ लिटर, म्हणजे ३० रुपये. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ९० लिटर, म्हणजे ९,००० रुपये. यातले सगळे वाचत नाहीत. आपल्या विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत गाडीत एसी लावल्याशिवाय बसवत नाही. एसीला थंडावा धरून ठेवण्यासाठी इंजिन लागते, म्हणून अशा उन्हात ही सोय फार वेळ इंजिन बंद राहू देत नाही. तेव्हा निम्मेच वाचले असे धरले, तरी ४,५०० रुपये होतात.

आता गोरेगावचा सभासद पाहा. आपल्या तालुक्यात मोटार चालते ती गोंदिया-कोहमारा रस्त्यावर, नाहीतर गावच्या वाटेवर. येथे सिग्नल नाहीत, थांबलोच तर रेल्वे फाटकावर. महिन्यातून दोनदा नागपूरला गेलो आणि दर वेळी अर्धा तास थांबे झाले असे समजा. वर्षाला २४ खेपा, ७.२ लिटर, म्हणजे ७२० रुपये. त्यातले निम्मे धरले तर ३६० रुपये.

दुसरी बाजू बॅटरीची. या गाडीला लागणारी खास बॅटरी साध्या बॅटरीपेक्षा महाग पडते. फरक ३,००० रुपये धरला आणि ती चार वर्षे टिकली, तर वर्षाला ७५० रुपये जास्तीचे. म्हणजे नागपूरच्या माणसाला ही सोय फायद्याची, आणि गोरेगावच्या माणसाला जवळजवळ तोट्याची. आकडे आपापले घालून पाहावेत, पण रीत हीच. फायदा यंत्रात नसतो, आपण किती वेळ उभे राहतो त्यात असतो.

म्हणून केवळ या सोयीसाठी जादा पैसे मोजून वरचे मॉडेल घेऊ नये. गाडीत आलीच असेल तर वापरावी, त्यात नुकसान नाही. मात्र बॅटरी बदलताना कंपनीने सांगितलेल्या प्रकारचीच बसवावी. पैसे वाचवायला साधी बॅटरी बसवली तर ती लवकर बसते. ही सोय एकाएकी काम करीनाशी झाली तर बहुधा बॅटरी उतरली आहे असे समजावे. आठ-आठ दिवस उभी राहणारी आणि जवळच्याच खेपा करणारी गाडी पुरती चार्ज होत नाही, त्यामुळे गावाकडे हे जास्त घडते. आणि इंजिन आपोआप बंद झाले असता चावी बंद केल्याशिवाय बॉनेट उघडू नये. ते बंद पडलेले नसते, थांबलेले असते.

खरा हिशोब ट्रॅक्टरचा

हे सर्व त्या सभासदांना समजावून सांगितले. ते उठता उठता म्हणाले, "मग आमचा ट्रॅक्टर तुमच्या यार्डात रात्रभर धडधडतो, त्याचे काय?"

हा प्रश्न मोटारीपेक्षा कितीतरी मोठा आहे. वजनकाट्यापासून गव्हाणीपर्यंत रांग लागते. ट्रॉली दहा हात सरकते, मग अर्धा तास जागेवर. चालक इंजिन बंद करीत नाही. आपल्याकडच्या सर्वसाधारण ट्रॅक्टरचे इंजिन उभ्याने तासाला लिटरभर डिझेल सहज घेते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी स्वतः मोजावे. टाकी गळ्यापर्यंत भरा, ट्रॅक्टर सपाट जागी एक तास उभा चालवा, मग मापाने पुन्हा गळ्यापर्यंत भरा. जितके बसले तितके जळाले.

एका खेपेला तीन तास इंजिन विनाकारण चालू राहिले असे धरा. तीन लिटर, म्हणजे सुमारे ३०० रुपये. हंगामात ६० खेपा झाल्या तर १८० लिटर, १८,००० रुपये. मोटारीच्या ३६० रुपयांशी हा आकडा ताडून पाहा. ट्रॅक्टरला आपोआप बंद होण्याची सोय नसली तरी चालकाचा हात आहेच.

चालक इंजिन का बंद करीत नाही, हेही पाहिले पाहिजे. दर वेळी तो आळस नसतो. पुष्कळदा बॅटरी मेलेली असते. एकदा बंद केला तर सेल्फ लागणार नाही, मागचे लोक ओरडतील, आपला नंबर जाईल, ही भीती असते. म्हणजे जुनी बॅटरी वाचवण्यासाठी आपण रोज डिझेल जाळतो. वरच्या १८,००० रुपयांत नवी बॅटरी येऊन वर पैसे उरतात. हंगामापूर्वी बॅटरीचे पाणी, टर्मिनल आणि डायनामोचा पट्टा तपासून घेतला तर निम्मे काम झाले.

डिझेल इंजिन तासन् तास मंद चालवणे त्यालाही चांगले नाही. ते पुरेसे गरम राहत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी धरते आणि ऑईल लवकर खराब होते.

शिवाय त्या धुरात माणसे असतात. चालक ट्रॅक्टरशेजारीच आडवे होतात. तोडणी कामगार सोबत असले तर बायका-पोरेही असतात. त्यांच्या नाकातोंडात रात्रभर तो धूर जातो. डिझेलचा हिशोब सोडला, तरी एवढ्या एका कारणासाठी इंजिन बंद करावे.

सभासदांनी व चालकांनी पाळावयाच्या गोष्टी

१. भरलेली ट्रॉली ओढून आल्यावर लगेच बंद करू नये. एक-दोन मिनिटे मंद चालू द्यावे. टर्बो असलेल्या इंजिनाला तर हे अवश्य.
२. पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचे दिसले की बंद करावे.
३. बंद करताना हँडब्रेक लावावा, गिअरमध्ये ठेवावा आणि ट्रॉलीच्या चाकाला दगड किंवा ठोकळा लावावा. उतारावर तर विसरूच नये.
४. चालत्या गाडीत, उतारावर डिझेल वाचवण्यासाठी इंजिन कधीही बंद करू नये. मोटारीचा ब्रेक आणि स्टिअरिंग जड होते. ट्रॉली तर ट्रॅक्टरला ढकलत नेते.
५. पुन्हा सुरू करण्यापूर्वी खाली उतरून ट्रॉलीखाली व चाकांपाशी पाहावे. सावलीला किंवा थंडीला तेथे कोणी झोपलेले असू शकते.

शेवटी एक गोष्ट आमच्या बाजूची. इंजिन बंद ठेवा असे सांगून कारखान्याची जबाबदारी संपत नाही. रांग लांबते ती तोडणीचा आणि गाळपाचा मेळ बसत नाही म्हणून, आणि तो मेळ बसवणे हे शेतकी विभागाचे काम आहे. तोडलेला ऊस यार्डात वाळला तर वजन घटते, उताराही घटतो. ते नुकसान डिझेलपेक्षा मोठे आहे. तेव्हा आपली ट्रॉली किती तास उभी राहिली, याची नोंद सभासदांनी वेळेसह वहीत ठेवावी आणि गट कार्यालयात आणून दाखवावी. तोंडी तक्रारीपेक्षा अशी वही आम्हालाही वर बोलायला उपयोगी पडते.

त्या सभासदांची मोटार अजून फाटकावर आपोआप बंद होते. आता ते बॉनेट उघडत नाहीत. ट्रॅक्टरला मात्र त्यांनी नवी बॅटरी घातली आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग