पिवळ्या पिशवीपर्यंत

केमोच्या डे केअर वॉर्डात एकही खुर्ची रिकामी नाही. खिडकीजवळच्या काकूंच्या हाताला लावलेल्या नळीत लालभडक डॉक्सोरुबिसिन संपत आलंय. पंप वाजतो आणि सिस्टर येतात. अंगात मागून बांधलेला गाऊन, हातांत एकावर एक असे ग्लोव्हजचे दोन जोड. काकूंच्या हातापासून नळी मोकळी करतात, पण बाटलीपासून सोडवत नाहीत. सोडवताना एखादा थेंब उडतोच, म्हणून बाटली-नळी जशीच्या तशी पिवळ्या पिशवीत जाते.

एरवी सलाईनची नळी लाल पिशवीत, औषधाची काचेची कुपी निळ्या खोक्यात. केमोचं औषध लागलं की तो हिशेब संपतो. नळी, कुपी, कापूस, हातातले ग्लोव्हजसुद्धा पिवळ्यात, आणि त्या पिशवीवर सायटोटॉक्सिकचं वेगळं चिन्ह. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत हे लिहिलेलं आहे.

पिशवी न्यायला मावशी आल्यात. सिस्टर त्यांचा हात पाहतात.

"मावशी, हे पातळ ग्लोव्हज नकोत. माझ्यासारखे घाला, दोन."

"दोन मिनिटांचं तर काम हाय, सिस्टर."

"दोन मिनिटांचं, पण रोजचं."

मावशी ग्लोव्हज बदलतात. मला हे त्या पिशवीवरच्या चिन्हाहून मोठं वाटतं. कॅन्सरवर दिलं जाणारं सायक्लोफॉस्फमाइड स्वतःच माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या जागतिक यादीत आहे. अशी औषधं हाताळणाऱ्या नर्सच्या लघवीत जनुकांना इजा करू शकणाऱ्या द्रव्यांच्या खुणा सापडल्याचं फिनलंडच्या संशोधकांनी १९७९ सालीच दाखवलं. औषध कातडीतून आत जातं, वाफेतून श्वासात जातं. समोरचा नर्स आहे की सफाई कामगार, हे ते बघत नाही. मग गाऊन आणि जाड ग्लोव्हज वॉर्डाच्या दारापाशीच का संपावेत?

मावशी पिशवी अंगापासून लांब धरून कचऱ्याच्या खोलीत नेतात. वजन होतं, बारकोड लागतो. अठ्ठेचाळीस तासांच्या आत ती इथून हलली पाहिजे आणि १२०० अंश सेल्सिअसच्या वर तापणाऱ्या भट्टीत गेली पाहिजे. आच कमी पडली तर औषध पुरतं जळत नाही, धुरातून बाहेर पडतं.

वॉर्डात काकू चपला शोधताहेत. सिस्टर त्यांच्या मुलाला बाजूला घेतात.

"दादा, आईंच्या लघवीतून हे औषध बाहेर पडणार. दोन दिवस संडासात झाकण लावून दोनदा पाणी सोडायचं. उलटी झाली तर उघड्या हाताने पुसायची नाही. कपडे वेगळे धुवायचे."

"घरी आईचं सगळं माझी बायको बघते."

"मग वहिनींना फोन लावा."

तो नंबर लावून फोन पुढे करतो.

"वहिनी, हॉस्पिटलातून बोलतेय. घरात रबरी हातमोजे आहेत का?" असं विचारून सिस्टर पहिल्यापासून सगळं सांगायला लागतात.