ब्रा... घरी शिवलेली!

कुर्ता शिवला की त्याचे फोटो ऑफिसभर फिरतात. गोधडी शिवली की आजी खूश. पण ब्रा शिवली, तर सांगायचं कुणाला? सध्या मी तुम्हालाच सांगतेय!

आपल्या कपाटातला सगळ्यात टेक्निकल कपडा कुठला? जीन्स? ब्लेझर? चूक. ब्रा! हातभर कापडात लेस, अस्तर, इलॅस्टिक, रिंगा, हुक धरून वीसेक तुकडे, आणि फिटिंगमध्ये पाव इंचाचीही सूट नाही. आणि हा कपडा आपण विकत कसा घेतो? काउंटरपलीकडचे काका एक नजर टाकून म्हणतात, "चौतीस ना?" आपण मान डोलवायची, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं पर्समध्ये कोंबायचं आणि सटकायचं. मॉलमध्ये ट्रायल रूम असते हे कबूल, पण तिथेही बँड बरोबर बसतो तेव्हा कप लहान, आणि कप बरोबर तेव्हा बँड ढगळ. मग आपणच म्हणायचं, माझीच फिगर वेडीवाकडी!

फिगर ठीक आहे हो. गणित गंडलंय. पूर्वी कापड ताणलं जायचं नाही, म्हणून छातीखालच्या मापात चार इंच मिळवून बँडचा नंबर काढायचे. कापड बदललं, इलॅस्टिक आलं, पण ही चार इंचांची सवय बऱ्याच ठिकाणी राहिली. समजा, छातीखालचं माप ३२ आणि भरलेलं माप ३७ आहे. जुन्या हिशेबानं बँड ३६, फरक एक इंचाचा, म्हणजे ३६ ए. सरळ हिशेबानं बँड ३२, फरक पाच इंचांचा, म्हणजे ३२ डीडी. बाई तीच, आणि नंबर दोन टोकांचे! त्यात 'डीडी' म्हणजे काहीतरी भलतंच मोठं असाही एक गैरसमज. कपचं अक्षर एकटं काहीच सांगत नाही. ३४ सी, ३२ डी आणि ३६ बी या तिन्हींच्या कपात मावतं तेवढंच, फरक फक्त बँडचा. आणि आधार देण्याचं मुख्य काम हा बँडच करतो, खांद्यावरचे पट्टे नव्हे. पट्टे खांद्यात रुतत असतील तर बहुतेक वेळा बँड ढिला असतो.

आता शिवणाचा किडा मला कुठे चावला, तर घरीच. आईची काळी पायमशीन माझ्याकडे आली, तेव्हा सुरुवात उशांच्या अभ्र्यांनी झाली. मग भाजीच्या पिशव्या, लॅपटॉपची स्लीव्ह, जुन्या सुती साड्यांची एक गोधडी (ती दोन वर्षं अर्धवटच आहे, विषय बदला). फ्रीलान्सिंगमध्ये दोन डेडलाइन्सच्या मधे हाताला काहीतरी लागतं, एवढंच. ब्राचा नंबर लागला तो मावशीमुळे.

मावशीचा रुमाल

२०२२ मध्ये मावशीचं ऑपरेशन झालं. डावा स्तन काढावा लागला. ट्रीटमेंट झाली, केस परत आले, रिपोर्ट्स चांगले आले. सगळे म्हणाले, सुटलो. पण मावशी बाहेर पडेना. डाव्या बाजूला ती घडी घातलेला रुमाल ठेवायची आणि तो चालताना वर सरकायचा. मग सतत पदर सावरणं, बसमध्ये हात छातीशी धरणं, आणि हळूहळू भजनी मंडळच बंद. खास ऑपरेशननंतर घालायची एक रेडिमेड ब्रा आणली होती, ती बगलेत व्रणावरच काचायची. तिनं ती ट्रंकेत टाकली.

"अगं, आता या वयात कोण बघतंय?" मी विषय काढला तेव्हा ती म्हणाली.

"बघण्याचं सोड गं. खांदा दुखतो ना तुझा?"

यावर ती काही बोलली नाही. म्हणजे दुखत होता.

एका बाजूचं वजन गेलं की शरीराचा तोल बदलतो, खांदा एका बाजूला ओढला जातो. त्यासाठी सिलिकॉनचे कृत्रिम स्तन मिळतात. आणि ज्यांना ते जड किंवा गरम वाटतात, त्यांच्यासाठी लोकरी-सुयांचा एक मस्त उपाय आहे: मऊ सुती धाग्याचा विणलेला स्तन, आत फायबरची भरण. अमेरिकेतल्या 'निटेड नॉकर्स' या संस्थेच्या स्वयंसेविका असे स्तन विणून बायकांना फुकट देतात. आपल्याकडे 'साईशा इंडिया'च्या बायका हेच काम क्रोशानं करतात. मला क्रोशा येतो, त्यामुळे ते दोन संध्याकाळचं काम. मात्र व्रण पूर्ण भरलाय आणि हरकत नाही, हे आधी डॉक्टरांकडून ऐकून घेतलं. तुम्हीही घ्या.

खरी कसोटी होती तो स्तन जागेवर धरून ठेवणाऱ्या ब्राची. विणलेला स्तन हलका, त्यामुळे रुमालासारखाच वर सरकू शकतो. म्हणून कपच्या आत मऊ सुती कापडाचा खिसा हवा, बँड पक्का हवा, पट्टे रुंद हवेत आणि तार अजिबात नको.

हे तर कटोरी ब्लाउज!

ब्राचे पॅटर्न इंटरनेटवर मिळतात, काही फुकटही. प्रिंट काढल्यावर कागदावरचा चाचणीचा चौकोन पट्टीनं मोजायचाच. प्रिंटरनं पान जरासं आक्रसलं की अख्खा कप आक्रसतो. मी तुकडे कापून टेबलावर मांडले होते. मावशीनं चष्मा लावला, दोन तुकडे उचलून कडेला कड लावून बघितली आणि म्हणाली, "एवढंच होय? हे तर कटोरीचं कटिंग आहे."

विसरलेच होते! लग्नानंतर पंधरा-वीस वर्षं मावशीनं अख्ख्या चाळीचे ब्लाउज शिवलेत. कटोरी ब्लाउज म्हणजे काय, तर छातीचा गोलवा टक्सवर न सोडता वाटीसारखा वेगळा तुकडा लावून काढायचा. ब्राचा कपही तसाच. एका तुकड्याची कड बाहेर फुगलेली, दुसऱ्याची आत वळलेली, आणि दोन्ही शिवल्या की सपाट कापडाची वाटी होते. १९१४ मध्ये अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब या बाईंनी ब्राचं पेटंट घेतलं. दोन हातरुमाल आणि रिबिनीपासून त्यांची सुरुवात झाली म्हणतात. आपल्याकडच्या शिंपिणींना कुणी पेटंट विचारलं नाही, एवढंच.

मग सूत्रं मावशीकडे. कडा जुळवायला खुणा करायच्या, फुगलेला तुकडा खाली ठेवायचा, टीप सावकाश मारायची, वळणावर सुई कापडात रोवून पाय उचलायचा. पॅटर्नमध्ये माया फक्त पाव इंच. मावशीला ते पटेना. "ब्लाउजला इंचभर माया सोडतात, उद्या जाडी वाढली तर?" पण ब्रामध्ये जादा माया टोचते, तिथे ती कापावीच लागते.

कापडाचं मात्र नव्यानं शिकावं लागलं. कपसाठी कमी ताणलं जाणारं कापड, पाठीच्या पट्ट्यांसाठी पॉवरनेट. हे जाळीदार कापड ताणलं जातं आणि तितक्याच जोरात परत येतं. मधला पूल, म्हणजे दोन कपांमधला तुकडा, अजिबात ताणला जाता कामा नये. ताणणाऱ्या कापडाला बॉलपॉइंट सुई लागते, कारण साधी सुई धागे तोडते. इलॅस्टिक झिगझॅग टाक्यानंच लावायचं. सरळ टीप ताणली की तटकन तुटते. आमच्या काळ्या मशीनला झिगझॅग येत नाही, म्हणून तेवढ्यापुरती मैत्रिणीची मशीन. रिंगा, स्लायडर, हुकपट्ट्या ऑनलाइन मिळतात. जुन्या ब्राच्या काढून घेतल्या तरी चालतात. मावशीनं अर्थात तेच केलं.

पहिली ब्रा ही घालायची नसतेच, ती मापाची असते. ती घालून आरशात बघायचं. पाठीमागे बँड वर चढतोय? बँड कमी करा. कपच्या वरून मांस बाहेर येतंय? कप मोठा करा. वर सुरकुत्या पडताहेत? लहान करा. मावशीच्या बाबतीत दोन बाजू दोन वेगळे हिशेब मागत होत्या. उजवा कप तिच्या मापाचा, डावा विणलेल्या स्तनाच्या मापाचा, आणि डाव्या बगलेची कड अर्धा इंच वर घेतली, म्हणजे इलॅस्टिक व्रणावर येत नाही. रेडिमेडमध्ये हा अर्धा इंच कुठून मिळणार?

तिसरी ब्रा बसली. नवी ब्रा शेवटच्या, सैल हुकावर बसायला हवी, कारण इलॅस्टिक वापरानं सैलावतं आणि मग आतले हुक कामाला येतात. मावशीनं हुक लावला, हात वर केले, खाली केले, घरभर दोन फेऱ्या मारल्या. मग वाकून खाली पडलेली टाचणी उचलली. वाकताना हात छातीशी गेला नाही.

"काचत नाहीये," ती म्हणाली. आणि पाच मिनिटांनी, "ही पांढरी रोजची. एक मरून कर. लेस लावून."

उरलेले तुकडे गोधडीत गेलेत. मरून लेस अजून मिळायची आहे, आणि मंडळाच्या गुरुवारपर्यंत ती मला शोधायचीय!