फालूनचा तांबडा रंग आणि लाकडी भिंतींची निगा

भिंतीला रंग देणे हे शोभेचे काम, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु जेथे दीर्घ हिवाळा व बर्फ यांच्याशी गाठ असते आणि खेड्यापाड्यांतील घरेच्या घरे पाइन व स्प्रूस यांच्या लाकडाने बांधलेली असतात, त्या स्वीडनमध्ये रंग हा घराच्या आयुर्मानाचाच प्रश्न ठरतो, आणि तेथील शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या पत्करलेला फालूनचा तांबडा रंग या प्रश्नाचा जो उलगडा करतो, तो मला आधुनिक रंगांच्या कित्येक कारखान्यांनी केलेल्या उलगड्याहून अधिक सयुक्तिक वाटतो.

फालून हे दालार्ना प्रांतातील तांब्याच्या खाणीचे गाव. १२८८ सालच्या एका दस्तऐवजात या खाणीतील हिश्श्याचा व्यवहार नमूद आहे. १९९२ साली खाणकाम कायमचे थांबले आणि २००१ साली युनेस्कोने हा परिसर जागतिक वारशात दाखल केला. तांब्याचा अंश अल्प म्हणून बाजूस टाकलेल्या खनिजाच्या ढिगांवर शतकानुशतके ऊन-पाऊस पडून जी लोहयुक्त पिवळसर माती तयार झाली, ती धुऊन, वाळवून भट्टीत भाजली म्हणजे तांबडी होते, आणि आच वाढवावी तसतशी तिची छटा गडद होत जाते. कोकणातील व गोव्यातील देवळांच्या भिंती जिने चितारल्या, त्या कावेचा रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच. प्रारंभी फालूनचा हा तांबडा रंग राजवाडे व सरदारांच्या हवेल्या यांना लाभे, कारण त्यामुळे लाकडाला विटांच्या इमारतीचा डौल येई. सामान्य शेतकऱ्याच्या घरावर व गोठ्यावर तो पुष्कळ उशिरा आला.

हा रंग अक्षरशः शिजवावा लागतो. उकळत्या पाण्यात हिराकस विरघळवून त्यात राय नावाच्या धान्याचे पीठ घोटतात व त्याची खळ झाली की तांबडी माती आणि शेवटी जवसाचे तेल घालतात. हिराकस बुरशीला आवर घालते आणि खळ मातीला लाकडाशी धरून ठेवते. पण हे बंधन इतके सैल असते की भिंतीवर अभेद्य पापुद्रा असा बसतच नाही, आणि फळीत शिरलेला ओलावा आल्या वाटेने निघून जातो. लाकूड कुजते ते आत कोंडून राहिलेल्या पाण्याने, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या सैलपणाचे मोल कळते. त्यात एक उणेपणा आहे खरा: भिंतीला टेकणाऱ्याचे कपडे माखतात.

पापुद्रा नसल्यामुळे पुन्हा रंगवण्यापूर्वी खरवडण्याचा खटाटोप जवळजवळ उरत नाही. राठ ब्रशाने कोरडी भिंत झाडून सुटी भुकटी काढावी. सावलीच्या बाजूस शेवाळ धरले असेल तर ते औषधाने मारून साध्या पाण्याने धुवावे, परंतु जोराच्या फवाऱ्याचे यंत्र लावू नये, कारण ते फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत दवडते. कुजलेली फळी बदलावी आणि सारी भिंत पुरती वाळू द्यावी. या वाळण्याच्या मुदतीत घाई करणाऱ्याचे सारे श्रम वाया जातात. रंग द्यावा तो उन्हाची तिरीप टाळून. माती तळाशी बसते म्हणून भांडे वरचेवर ढवळावे, आणि दोनचार फळ्या घेऊन त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता पुऱ्या कराव्या, अन्यथा मध्येच जोडाचा डाग दिसतो. करवतीने कापलेल्या खरखरीत लाकडावर हा रंग उत्तम धरतो, रंधा मारलेल्या गुळगुळीत लाकडावर तितका नाही.

मात्र मध्यंतरी कोणी प्लॅस्टिकच्या जातीचा रंग चढवला असेल, तर त्यावर खळीचा रंग टिकत नाही, आणि तो सारा थर काढून मूळ लाकूड उघडे केल्याखेरीज गत्यंतर नसते. म्हणून जुन्या घराचा रंग निवडण्याआधी कोरड्या भिंतीवर तळहात घासून पाहावा: हाताला तांबडी भुकटी लागली तर त्यावरच नवा हात देता येईल, हात स्वच्छ राहिला तर आधी खरवडणीची तरतूद करावी.