घरच्या मूर्तीवर घाव

अमरावतीला रेल्वेने येणारे प्रवासी पिढ्यान्‌पिढ्या बडनेऱ्याला गाडी बदलत आले. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि इथल्या कापसाचे भाव कडाडले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेले रूळ बडनेऱ्यावरून नागपूरला भिडले. या रुळांवरून गाठी मुंबईला गेल्या आणि मिशनरी वऱ्हाडात आले. अकोल्यात ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ने काम मांडले, यवतमाळात फ्री मेथॉडिस्टांनी. त्यांच्या पेट्यांत मराठी बायबल होते आणि त्यात मूर्तिपूजेवर कडाडून कोरडे ओढणारा यशया संदेष्टा होता.

यशयाचा चव्वेचाळिसावा अध्याय बाजारातल्या उपदेशाला फार सोयीचा. एक माणूस झाड तोडतो, अर्ध्या लाकडावर भाकर भाजतो, अंग शेकतो आणि उरलेल्या ओंडक्याचा देव घडवून त्याच्याच पाया पडतो, असे उपहासाचे चित्र त्यात आहे. जत्रेत उभे राहून शेंदराच्या दगडाकडे बोट दाखवायला एवढे पुरे. पण हे शब्द मुळात कोणाला उद्देशून होते, हे पाहिले की ते बोट वळवावे लागते.

यशया ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला, यरुशलेमचा. उज्जीया, योथाम, आहाज आणि हिज्कीया या चार राजांच्या काळात तो बोलत होता. यातला उज्जीया कर्तबगार. त्याने नगराला बुरूज बांधले, रानात पाण्याचे हौद खोदले, शेतीची त्याला आवड होती. वैभव वाढले तसा माज चढला. धूप जाळण्याचा मान याजकांचा. तो हिसकायला हा स्वतः मंदिरात शिरला आणि कपाळावर कोड घेऊन बाहेर पडला, असे इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथात लिहिले आहे. यशयाच्या दुसऱ्या अध्यायात या वैभवाची जणू जंत्रीच आहे: देश सोन्यारुप्याने भरला, घोड्यांनी आणि रथांनी भरला, मूर्तींनीही भरला. तिजोरी, फौज आणि देव्हारा ही तिन्ही एकाच ओळीत बसवली आहेत. उंच गंधसरू, उंच बुरूज, तार्शीशची मोठी गलबते, जे जे उंच ते ते खाली येणार. आणि माणूस आपल्या सोन्यारुप्याच्या मूर्ती चिचुंद्र्या-वटवाघळांपुढे टाकून खडकांच्या कपारींत लपणार. म्हणजे संदेष्ट्याच्या लेखी दगडाला हात जोडणे हा गुन्ह्याचा एक भाग; आपल्या हाताने केलेल्या वस्तूवर जीव टाकून आपणच आपले तारणहार होणे हे त्याचे मूळ.

शेजाऱ्याच्या देवाला नावे ठेवणे स्वस्त असते. हिज्कीयाने केले ते महाग होते. मोशेने रानात घडवलेला पितळी सर्प यरुशलेमात जपून ठेवला होता आणि लोक त्याच्यापुढे धूप जाळत होते. तो परका देव नव्हता. पूर्वजांची पवित्र ठेव होती. हिज्कीयाने तो फोडला.

परक्यांचा अहंकार यशयाने सोडला असेही नाही. अश्शूरचा सन्हेरीब ख्रिस्तपूर्व ७०१ मध्ये यहूदावर चालून आला. ब्रिटिश म्युझियममधल्या मातीच्या षट्कोनी लेखात त्याची फुशारकी आजही वाचता येते: तटबंदीची ४६ नगरे जिंकली, हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडला. अशा साम्राज्याला यशया दहाव्या अध्यायात विचारतो की, कुऱ्हाडीने तोडणाऱ्यापुढे मिरवावे काय? वऱ्हाडात राज्य इंग्रजांचे होते. त्या सावलीत उभे राहून चव्वेचाळिसावा अध्याय वाचणे सोपे होते, दहावा कठीण.

हा दुसरा, अवघड यशया मराठीत जगून दाखवला तो नारायण वामन टिळकांनी. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. नागपुरात आप्पासाहेब बुटींकडे त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, मग त्याही त्या वाटेने आल्या. मात्र जातपात माणसाने रचली, देवाने नव्हे, हा निर्णय लक्ष्मीबाईंनी त्याआधीच स्वतःच्या विचाराने केला होता. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी तो प्रांजळपणे सांगितला आहे. सोवळे ही त्यांच्या घरची मूर्ती होती, ती त्यांनी स्वतः फोडली.

टिळकांचा पुढचा घाव ख्रिस्ती घरावर पडला. तुकोबांना त्यांनी टाकले नाही. अभंग आणि कीर्तन घेऊनच ते चर्चमध्ये आले. मिशनमधली गोरी मालकी आणि देशी ख्रिस्त्यांचे मिंधेपण त्यांना खुपत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले. प्रयोगाला दोन वर्षेही नीट मिळाली नाहीत. तरी, संस्थेचीही मूर्ती होते, हे त्यांनी ओळखले होते.

अमरावती जिल्ह्याने याच काळात स्वतःच्या मातीतून असा एक माणूस दिला. शेंडगावात १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा. त्यांना यशयाचे वारस म्हणणे चूक ठरेल. ते संतपरंपरेचे, आणि त्यांच्या बोलण्यात संदेष्ट्याच्या देवाचा कोप नाही. पण रोख तसाच घरच्यांवर. गावात शिरले की आधी खराटा, रात्री कीर्तन. आणि कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न. नवसाचा बकरा, देवापायी काढलेले कर्ज, शिवाशीव, सगळे त्यांच्या तोंडून उत्तरे घेऊन उघडे पाडायचे. देऊळ बांधण्याऐवजी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभारल्या. कोणी पाया पडू लागले तर ते मागे सरत. १९५६ च्या २० डिसेंबरला अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ ते गेले.

यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत १९५३ पासून, ती १९८३ मध्ये पुण्याला हलेपर्यंत, पाद्री घडत होते. तिथून बाहेर पडणाऱ्याला वऱ्हाडातल्या मंडळीपुढे यशया वाचताना एक प्रश्न टाळता येणार नव्हता: आपल्या बाकांवर जात बसते की नाही? तोच प्रश्न देवळाच्या विश्वस्तांना आहे, आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर स्वतःचा चेहरा माणसाहून मोठा करून घेणाऱ्या पुढाऱ्यालाही. परधर्माची मूर्ती फोडायला निघालेल्याला फक्त हातोडा लागतो. आपली फोडायची तर आधी ती आपण घडवली हे कबूल करावे लागते, आणि संदेष्टे ज्याला नम्रता म्हणतात ती इथून सुरू होते.