चार ओळींची दुरुस्ती, चार पानी करार

बदलापूर पूर्वेला राहणारी, उल्हासनगरच्या कॉलेजात संगणकशास्त्र शिकणारी एखादी मुलगी रात्री जेवणं आटोपल्यावर एका ओपन सोर्स प्रकल्पातली चूक शोधून काढते. मराठीतला ‘ऱ्य’ पडद्यावर नीट उमटत नाही, एवढीच ती चूक. ती चार ओळी बदलते आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे ती दुरुस्ती स्वीकारण्याची विनंती, पाठवते. मिनिटभरात उत्तर येतं, तेही माणसाचं नाही, बॉटचं: आधी करारावर सही करा, मग पाहू. दुवा उघडला की समोर वकिली इंग्रजी आणि तळाशी ‘मान्य आहे’चं बटण. बहुतेक जण ते दाबून मोकळे होतात.

या कराराचं नाव ‘कॉन्ट्रिब्युटर लायसन्स अ‍ॅग्रीमेंट’, प्रोग्रामरांच्या बोलण्यात ‘सीएलए’. पानं कितीही असोत, त्यात मुळात दोनच गोष्टी असतात. पहिली, जे देताय ते तुमचं आहे का? दुसरी, दिल्यावर आम्ही त्याचं काय काय करू शकतो? जगभर वाद होतात ते दुसऱ्या प्रश्नावर. पण रोज लोकलने ठाणे, ऐरोली, महापे गाठणाऱ्या आपल्याकडच्या आयटीवाल्यांचा पाय अडकतो तो पहिल्या प्रश्नात, आणि तो अडकलाय हे त्यांना कळतही नाही.

कोडचा मालक कोण?

भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम ‘साहित्यकृती’त मोडतो. कथा-कवितेसारखाच. कोड लिहिला त्या क्षणी हक्क तयार होतो, नोंदणीची सक्ती नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं टिकतो. त्यामुळे हजारो लोकांनी थोडं थोडं लिहिलेल्या सॉफ्टवेअरचे मालकही हजारो असतात. त्यांतला एक जण उद्या ‘माझा भाग काढा’ म्हणाला, किंवा त्याची कंपनी ‘तो कोड आमचा’ म्हणाली, तर काय? या भीतीतून करार आले.

भीती नुसती कल्पनेतली नव्हती. मार्च 2003 मध्ये एससीओ ग्रुप या अमेरिकी कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला. आमच्या मालकीचा युनिक्सचा कोड तुम्ही लिनक्समध्ये घातलात, असा आरोप होता. तो खटला या ना त्या रूपात 2021 पर्यंत रेंगाळला. लिनक्समध्ये कोणती ओळ कुठून आली, याची रीतसर नोंद तेव्हा नव्हती. 2004 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर तोडगा काढला: ‘डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’, म्हणजे डीसीओ. प्रत्येक कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ लिहून नाव आणि ईमेल द्यायचा. त्या एका ओळीचा अर्थ असा: हे मी लिहिलंय, किंवा योग्य परवान्याखालच्या कोडवरून घेतलंय, किंवा अशी हमी देणाऱ्याकडून माझ्याकडे आलंय, आणि ही नोंद कायम जाहीर राहील हे मला ठाऊक आहे.

खरेदीखत की लिव्ह अँड लायसन्स?

आज प्रकल्प साधारण चार रीतींनी योगदान घेतात. अंबरनाथ-बदलापूरला घर घेतलेल्या किंवा भाड्याने राहिलेल्या माणसाला त्यातला फरक पटकन समजेल.

पहिली रीत खरेदीखताची. लेखक आपला कॉपीराइटच प्रकल्पाच्या नावावर करून देतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी स्थापन केलेली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या उपक्रमातल्या अनेक प्रकल्पांसाठी हेच करते. परवाना मोडणाऱ्यावर कोर्टात जायचं तर मालक एकच असलेला बरा, हे त्यामागचं कारण. इमॅक्स या टेक्स्ट एडिटरसाठी आजही असा कागद लागतो. जीसीसी या कंपायलरने मात्र जून 2021 मध्ये ही सक्ती उठवली आणि डीसीओही चालेल असं ठरवलं. किरकोळ दुरुस्तीला जीएनयूमध्ये सूट आहे: सुमारे 15 ओळींपर्यंत कागद लागत नाही.

दुसरी रीत लिव्ह अँड लायसन्सची. घर तुमचंच, वापराची परवानगी त्यांना. अपाची फाउंडेशनचा वैयक्तिक सीएलए असा आहे. मालकी तुमच्याकडेच राहते. पण परवानगी कायमची, जगभरासाठी, मोबदल्याविना आणि मागे न घेता येणारी. शिवाय पोटभाडेकरू ठेवण्याची मुभाही त्यांना मिळते, म्हणजे तोच हक्क ते पुढे इतरांना देऊ शकतात. घराच्या बाबतीत असल्या करारावर शहाणा घरमालक सही करणार नाही. कोड मात्र एकाला वापरायला दिला म्हणून आपल्याकडचा कमी होत नाही, म्हणून तो देणं परवडतं. त्यात पेटंटचंही कलम असतं: योगदानात तुमचं एखादं पेटंट गुंतलं असेल तर त्याच्याही वापराची परवानगी दिली, असं धरलं जातं.

तिसरी रीत डीसीओची. तिथे करार नाही, हमी आहे. गिटलॅबने 2017 मध्ये आपला सीएलए सोडून हीच रीत स्वीकारली.

चौथी सगळ्यांत साधी: ज्या परवान्याखाली प्रकल्प तुम्हाला मिळाला, त्याच परवान्याखाली तुमचं योगदान परत यायचं. वेगळा कागद नाही. गिटहबच्या वापरअटींतही हेच मूळ गृहीतक आहे. मुंबईच्या फ्रापे टेक्नॉलॉजीजचं ईआरपीनेक्स्ट हे यातलं आपल्या जवळचं उदाहरण. रुशभ मेहता यांनी 2008 मध्ये सुरू केलेली ही कंपनी. हिशेब, साठा आणि उत्पादन एकत्र सांभाळणारं हे सॉफ्टवेअर जीपीएल या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली खुलं आहे. योगदान देणाऱ्याला त्यांनी सांगितलं ते एका वाक्यात: तुमचं योगदान याच परवान्याखाली जाईल हे तुम्हाला मान्य आहे. कॉपीराइटही ‘फ्रापे आणि योगदानकर्ते’ असा दोघांच्या नावे मांडलेला.

नावाचा हक्क मात्र या सगळ्यापासून वेगळा. ईआरपीनेक्स्ट हे नाव आणि बोधचिन्ह फ्रापेचे ट्रेडमार्क आहेत. कोड उचलून, बदलून विकायला जीपीएल आडकाठी करत नाही. पण तो त्याच नावाने विकता येईलच असं नाही. ‘मेड इन यूएसए’मधल्या यूएसएचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा सांगून हसणाऱ्या उल्हासनगरला, माल आणि शिक्का या दोन वेगळ्या गोष्टी असतात हे नव्याने शिकवायला नको.

‘कायमचा’ आणि ‘जगभर’ कशासाठी?

सीएलएतले ‘कायमचा, जगभर’ हे शब्द वाचून अनेकांना वाटतं की हा परदेशी वकिलांचा अधाशीपणा. आपला कायदा पाहिला तर त्यांची गरज कळते. कॉपीराइट हस्तांतराच्या कागदावर मुदत लिहिली नसेल, तर कलम 19 प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर हस्तांतर भारतापुरतं मानलं जातं. आणि कलम 30-अ मुळे हेच नियम परवान्यालाही लागू होतात. म्हणजे मोघम कागदावर दिलेला कोड पाच वर्षांनी परवान्याबाहेर पडला, असा वाद उभा राहू शकतो. दर पाच वर्षांनी हजारो लोकांना शोधत कोण फिरणार?

बटण दाबणं ही सही होते का, हाही प्रश्न लोक विचारतात. हस्तांतराच्या कागदावर देणाऱ्याची सही लागतेच. परवाना लेखी हवा. पण 2012च्या दुरुस्तीने त्यावरची सहीची अट काढली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 10-अ सांगतं की करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून फेटाळता येत नाही. त्यामुळे ‘नुसतं क्लिक तर केलं’ ही सबब टिकणं अवघड. लेखकाकडे एक गोष्ट मात्र हस्तांतरानंतरही उरते: कलम 57 प्रमाणे ‘हे मी लिहिलं’ म्हणण्याचा हक्क.

परवाना बदलतो तेव्हा

आता दुसऱ्या प्रश्नावरचा, जगभर गाजणारा वाद. टेराफॉर्म हे हॅशिकॉर्प कंपनीचं लोकप्रिय साधन. त्यात बाहेरच्या लोकांनी सीएलएवर सही करून भर घातली होती. ऑगस्ट 2023 मध्ये कंपनीने खुला परवाना सोडला आणि स्पर्धकांना रोखणारा ‘बिझनेस सोर्स लायसन्स’ लावला. लोकांनी आरडाओरडा केला, पण हक्क सहीनेच दिलेला होता. मग आधीच्या खुल्या आवृत्तीवरून ओपनटोफू हा फाटा निघाला आणि सप्टेंबरमध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला. तिथे योगदानासाठी डीसीओ पुरतो.

पण दोष एकट्या सीएलएचा नाही. रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने मार्च 2024 मध्ये परवाना बदलला तेव्हा त्यांना वेगळ्या कराराची गरजच पडली नाही. त्यांचा जुना बीएसडी परवाना इतका सैल होता की तो कोड कोणालाही नव्या अटींच्या उत्पादनात घालता येत होता. याउलट लिनक्स कर्नल. तिथे सीएलए नाही, परवाना जीपीएलची दुसरी आवृत्ती आणि मालक हजारो. परवाना बदलायचा तर या सगळ्यांची संमती लागेल. ती मिळवणं व्यवहारात अशक्य, म्हणून तो बदलत नाही.

तेव्हा सही करण्याआधी करार आणि परवाना शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. जीपीएलसारखा कॉपीलेफ्ट परवाना (बदललेला कोडही त्याच अटींवर वाटायला लावणारा) असेल आणि सीएलए नसेल, तर तुमचा कोड खुला राहण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. सीएलए असेल, तर तो कोणाच्या नावे आहे ते पाहा. ना-नफा संस्थेला दिलेला हक्क आणि उद्या विकली जाऊ शकणाऱ्या कंपनीला दिलेला हक्क यांत फरक आहे.

ऑफर लेटरमधलं कलम

आता तो पहिला प्रश्न: जे देताय ते तुमचं आहे का? कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं की नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, वेगळं काही ठरलं नसेल तर. त्यात शिकाऊ उमेदवारीही येते, म्हणजे इंटर्नशिपलाही ते लागू होऊ शकतं. त्यावर कंपन्यांची नेमणूकपत्रं आणखी पुढे जातात. नोकरीच्या काळात तुम्ही जे निर्माण कराल ते आमचं, अशा अर्थाचं कलम अनेक ठिकाणी असतं, मग काम रविवारी घरी बसून केलेलं का असेना. ते कलम कोर्टात कुठवर टिकेल हा वेगळा मुद्दा. पण त्या कागदावर सही केलेल्या माणसाने दुसरीकडे ‘हा कोड सर्वस्वी माझा’ अशी सही केली, तर त्याच्या दोन सह्या एकमेकींविरुद्ध उभ्या राहतात.

अपाचीचा करार याच जागी बोट ठेवतो. नोकरी देणाऱ्याचा तुमच्या कामावर हक्क असेल, तर त्याची परवानगी घेतली आहे, किंवा त्याने हक्क सोडला आहे, किंवा कंपनीने स्वतंत्र कॉर्पोरेट करार केला आहे, यांपैकी एक गोष्ट खरी असल्याची ग्वाही तुम्ही देता. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनही नोकरदाराकडून कंपनीचं हक्क सोडल्याचं पत्र मागते. बटण दाबताना ही ओळ वाचणारे थोडेच. यावर करायचं ते साधं आहे. एचआरला किंवा साहेबांना एक ईमेल: अमुक प्रकल्पात मी फावल्या वेळेत, स्वतःच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या कामाशी संबंध नसलेलं योगदान देणार आहे, हरकत आहे का? लेखी होकार आला की तो जपून ठेवायचा. कंपनीचा लॅपटॉप मात्र या कामाला लावायचा नाही.

फ्रीलान्सरची गोष्ट वेगळी. तो नोकर नाही, म्हणून कोडचा पहिला मालक तोच. पण ग्राहकाच्या वर्क ऑर्डरमध्ये ‘सर्व हक्क ग्राहकाकडे’ असं लिहिलं आणि त्यावर त्याची सही असली, की मालकी गेली.

विद्यार्थ्यांसाठी वयाचा मुद्दा. 18 वर्षं पूर्ण नसलेल्याला 1872च्या करार कायद्याप्रमाणे करार करता येत नाही, आणि असा करार मुळातच रद्दबातल असल्याचं प्रिव्ही कौन्सिलने 1903 मध्ये मोहोरी बीबी खटल्यात ठरवलं. गूगल समर ऑफ कोडलाही 18 वर्षांची अट आहे. अकरावी-बारावीच्या किंवा डिप्लोमाच्या मुलांनी म्हणून सीएलए नसलेल्या प्रकल्पांपासून सुरुवात करावी. सीएलए असेल तर प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरला वय सांगून पालकांच्या संमतीचं विचारावं.

आणि नवी भर एआयची. यंत्राने लिहून दिलेला कोड ‘माझा’ म्हणून हमी देता येते का? क्यूईएमयू या प्रकल्पाने 2025 मध्ये असा कोड नाकारण्याचं धोरण घेतलं. डीसीओची हमी तिथे देता येत नाही, हे त्यांचं म्हणणं.

कारखानदाराचा फायदा

हा विषय फक्त प्रोग्रामरांचा नाही. समजा अंबरनाथ किंवा बदलापूरच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याने ईआरपीनेक्स्ट घेतलं. जॉबवर्कचं चलन त्यांच्या पद्धतीने निघत नाही, म्हणून पैसे मोजून एखाद्या फर्मकडून दुरुस्ती करून घेतली. तीच दुरुस्ती शेजारच्या दहा गाळ्यांना उपयोगी. फर्मचा प्रोग्रामर ती मूळ प्रकल्पाला पाठवायला तयार आहे, पण पाठवू शकत नाही: त्याच्या फर्मने याचा विचार केलेला नाही आणि कारखान्याच्या वर्क ऑर्डरवर ‘सर्व हक्क आमचे’ छापलंय.

वर्क ऑर्डरमध्ये एक ओळ वाढवली की हे सुटतं: आमची गोपनीय माहिती नसलेल्या सर्वसाधारण दुरुस्त्या मूळ प्रकल्पाला त्याच्या परवान्याखाली द्यायला आमची हरकत नाही. हा दानधर्म नाही. मूळ प्रकल्पाने दुरुस्ती स्वीकारली की पुढच्या आवृत्त्यांमध्ये ती तपासत राहणं हे प्रकल्पाचं काम होतं. नाही पाठवली, तर ती त्या एका कारखान्यातच पडून राहते, आणि नवी आवृत्ती आली की त्याच दुरुस्तीसाठी मालकाला पुन्हा पैसे मोजावे लागतात.