सार्वजनिक वाचनालय आणि आपलें घर

एकत्र कुटुंबांत वाचणारांच्या आवडी निरनिराळ्या असतात. आजोबांस इतिहास व चरित्रें प्रिय, सासूबाईंस संतवाङ्मय, सूनबाईंस कादंबरी, तर मुलांस साहसाच्या गोष्टी. इतकीं पुस्तकें विकत घेऊन कपाटांत ठेवणें मध्यम स्थितीच्या गृहस्थास परवडणारें नाहीं. ही उणीव भरून काढणारी संस्था म्हणजे सार्वजनिक वाचनालय. नाशिकचें सार्वजनिक वाचनालय १८४० सालचें. पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचें नगर वाचन मंदिर, १८४८ सालची. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९१० नंतर पुस्तकांच्या पेट्या भरून खेडोपाडीं धाडल्या. हा इतिहास वाचकांच्या परिचयाचा आहे. परंतु वैनगंगेकांठच्या भंडारा जिल्ह्याकडे अशा प्रसंगीं कोणाचीच दृष्टि वळत नाहीं. म्हणून त्या जिल्ह्याच्या निमित्तानें दोन शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

भंडारा पूर्वीं मध्यप्रांतांत होता. मुंबई सरकारनें १९३९ सालीं फैजी समिति नेमून ग्रंथालयांच्या वाढीची योजना आंखविली, त्या वेळीं तिचा लाभ या जिल्ह्यास मिळण्याचा संभवच नव्हता. १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला आणि १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. तेव्हां कोठें येथील वाचनालयांस कायद्याचा आधार लाभला. मात्र मद्रासच्या १९४८ सालच्या कायद्याप्रमाणें आपल्या कायद्यानें ग्रंथालयाकरितां स्वतंत्र कर बसविला नाहीं. वाचनालय लोकांनीं चालवावें आणि शासनानें अ, ब, क, ड असे वर्ग पाडून त्यास अनुदान द्यावें, अशी ही व्यवस्था आहे.

या व्यवस्थेंत लोकांवर किती भिस्त ठेविली आहे, हें एका आंकड्यावरून कळेल. शासनानें २०२२-२३ सालीं अनुदानांत साठ टक्के वाढ केली. त्या वेळीं ड वर्गाच्या वाचनालयाचें वार्षिक अनुदान ३०,००० रुपयांवरून ४८,००० रुपये झालें. त्यांतील अर्धी रक्कम वेतनाची, अर्धी इतर खर्चाची. म्हणजे खेड्यांतील वाचनालय उघडणाऱ्या, झाडणाऱ्या आणि पुस्तकांची नोंद ठेवणाऱ्या मनुष्याच्या वांट्यास, वाढ झाल्यावरहि, महिन्याचे दोन हजार रुपये आले. आमच्या वाचकांनीं हा आंकडा दोनदां वाचावा. एवढ्या वेतनावर जो मनुष्य रोज संध्याकाळीं वाचनालयाचें कुलूप काढतो, तो नोकरी करीत नसून गांवावर उपकार करीत आहे. आणि उपकारावर चालणारी संस्था तो मनुष्य थकला कीं बंद पडते.

ती बंद पडल्यास गांवाचें काय जातें, हें आतां पाहूं. आज वाचनालयांच्या बांकांवर अधिक गर्दी दिसते ती स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांची. ‘हे कसले वाचक?’ असें कित्येक वृद्ध सभासद नाक मुरडून म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं. ज्या घरांत एका खोलींत पांच माणसें निजतात, त्या घरच्या मुलास शांत बांक आणि रात्रीं उशिरापर्यंत जळणारा दिवा हीं पुस्तकाइतकींच मोलाचीं आहेत. तुमसर, पवनी किंवा साकोलीच्या मुलास नागपुरास खोली घेऊन राहणें परवडेलच असें नाहीं.

दुसरी गोष्ट काळवेळेची. हा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. आषाढ-श्रावणांत रोवणी चालूं असतां कोणी पुस्तकास हात लावणार नाहीं. दिवाळी होऊन गांवोगांवच्या मंडया भरल्या, दंडारी रंगल्या आणि धान घरांत आलें, कीं मग लोकांस सवड होते. वाचनालयानें आपल्या वेळा व व्याख्यानें या ऋतुमानाप्रमाणें ठरविलीं, तर शेतकरी वाचक आपण होऊन येईल.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गाजलेली कादंबरी कोठेंहि मिळते, हल्लीं तर हातांतल्या मोबाइलवरहि मिळते. परंतु पवनीस १९६९-७० सालीं शां. भा. देव व ज. प. जोशी यांनीं केलेल्या उत्खननांत जो प्राचीन स्तूप उजेडांत आला, त्याचा वृत्तान्त पवनीच्या मुलानें कोठें वाचावा? कोहळी लोकांनीं बांधलेल्या आणि १९५० नंतर शासनाकडे गेलेल्या मालगुजारी तलावांची माहिती, १९०८ सालचें जिल्ह्याचें गॅझेटिअर, झाडीबोलींतील गीतें व नाटकें हीं सारीं जिल्ह्यांतील वाचनालयांतच जपलीं गेलीं पाहिजेत. हें काम पुण्यामुंबईचें कोणतेंहि ग्रंथालय भंडाऱ्यासाठीं करणार नाहीं.

मग सुशिक्षित घरांनीं करावें तरी काय? पहिलें हें, कीं वर्गणी केवळ कर्त्या पुरुषाच्या नांवें ठेवूं नये. पुस्तक त्यानेंच निवडावें आणि घरांतील स्त्रियांनीं तेवढेंच वाचावें, ही रीत पुष्कळ घरांत अजून आहे. सूनबाईंच्या आणि मुलीच्या नांवें स्वतंत्र वर्गणी भरावी. आवड त्यांची त्यांस ठरवूं द्यावी. दुसरें, वाळवी लागलेलीं व पानें गळालेलीं पुस्तकें वाचनालयास देऊन दानाचें पुण्य जोडूं नये. द्यावयाचें तर आपल्याला हवेंसें वाटणारें पुस्तक द्यावें. तिसरें, वर्षाच्या सभेस जावें, हिशेब विचारावा आणि ग्रंथपालाच्या वेतनांत गांवाकडून कांहीं भर घालण्याचा ठराव मांडावा.

आपल्या घरचें कपाट आपल्याच माणसांपुरतें उघडतें. वाचनालयाचें कपाट शेतमजुराच्या मुलीस आणि वकिलाच्या मुलास सारखेंच उघडतें. तेथें जात पुसली जात नाहीं. ज्या घराण्यांत विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्यांनीं तें कपाट उघडें राखण्याची काळजी इतरांहून अधिक वाहिली पाहिजे. येत्या महिन्याच्या घरखर्चांत वाचनालयाच्या वर्गणीची एक ओळ प्रत्येक कुटुंबानें घालावी, एवढेंच आमचें मागणें आहे.